जकात चौकातली पांढरी सायकल

१

मल्लाप्पाचा फोन आला तेव्हा गौतमी मेत्री चहा गाळत होती. रविवारची सकाळ होती आणि हुबळी अजून आळस देत होती.

"अक्का, पांढरी सायकल इल्ल री! जाग्यावर नाही. लगेच या."

अर्धा चहा गाळणीतच राहिला. गौतमीने आपली सायकल काढली आणि जकात चौक गाठला.

ती पांढरी सायकल तिच्या वडिलांची. धम्मानंद मेत्री रेल्वे वर्कशॉपमध्ये फिटर होते. तीन वर्षांपूर्वी पहाटेच्या ड्यूटीला जाताना याच चौकात त्यांना कुणीतरी उडवलं आणि निघून गेलं. दूधवाला येईपर्यंत ते रस्त्यावरच पडून होते. मागचं चाक पापडासारखं चपटं झालेलं, म्हणून पंचनाम्यात लिहिलं गेलं, अज्ञात वाहनाची पाठीमागून धडक. ते अज्ञात वाहन अज्ञातच राहिलं.

पुढे शहरात सायकल सल्लागार समिती झाली आणि गौतमी तिची सदस्य झाली. सल्ला देणं एवढंच समितीचं काम, आणि ऐकायचं की नाही ते महापालिकेने ठरवायचं. तरी समितीने चौकातल्या खांबाला ती पांढरी रंगवलेली मोडकी सायकल बांधली होती. येणाऱ्याजाणाऱ्याने बघावं आणि गाडी हळू हाकावी, इतकीच अपेक्षा.

आज खांबापाशी फक्त विटा आणि सुकलेली झेंडूची माळ होती. साखळी मात्र होती. खांबाला नीट गुंडाळलेली, वर कुलूप लावलेलं.

"भंगारवाल्याने नेली असणार," समितीचं रंगकाम करणारा मल्लाप्पा म्हणाला. घाबरला होता बिचारा, कारण कुलपाची एक किल्ली त्याच्याकडे होती. "आज खरवडून रंगवायची होती ना? मी पॉलिश पेपर घेऊन आलो, बघतो तर... नंगं गोत्तिल्ल री अक्का, मला खरंच काही माहीत नाही."

गौतमी साखळीकडे बघत राहिली. भंगारवाला एवढी जाडजूड साखळी सोडून जाईल? आणि कुलूप तोडलेलं नव्हतं, उघडलेलं होतं. उघडून सायकल काढल्यावर परत लावलेलं.

ही सवय तिच्या ओळखीची होती. समितीचे लोक शाळाशाळांतून पोरांना हेच घोकवायचे: सायकल काढली की कुलूप साखळीला परत लावा, नाहीतर साखळी जाते. चोरी करतानासुद्धा ज्याचा हात ते विसरला नाही, तो चोर बाहेरचा नव्हता.

तिने समितीचे अध्यक्ष प्रभंजन इनामदार यांना फोन लावला. इनामदार वकील म्हणजे तिचे काका. रक्ताचे नव्हेत, पण रक्ताच्यांनी हात झटकले तेव्हा हेच उभे राहिले होते.

"काका, अप्पांची सायकल गेली. पोलिसात जाऊ?"

"नको गं पोरी," ते म्हणाले. "उद्या आयुक्तबाई पाहणीला यायच्यात. आजच बोंबाबोंब केली तर व्यापाऱ्यांना आयतं कोलीत मिळेल. सापडेल सायकल. माझ्यावर सोड."

तिने फोन ठेवला. इतकी वर्षं तिने सगळं त्यांच्यावरच सोडलं होतं. आज पहिल्यांदाच तसं करावंसं वाटेना.

२

चौकातलं सगळ्यात मोठं दुकान गुरुप्रसाद शेठचं, भांड्यांचं. समितीत ते व्यापाऱ्यांच्या वतीने बसायचे आणि प्रत्येक ठरावाला 'नाही' म्हणायचे. सायकलींसाठी वेगळा पट्टा झाला तर गिऱ्हाईक गाडी कुठे लावणार, हा त्यांचा कायमचा सवाल.

उद्याच्या पाहणीत खरा वाद होता तो कोपऱ्याचा. चौकाचा डावीकडचा कोपरा इतका ऐसपैस होता, की गाड्या वेग कमी न करता सरळ आत वळायच्या. फूटपाथ पुढे आणावा, दगडी खांब रोवावा, म्हणजे वळणाऱ्याला ब्रेक मारावाच लागेल, असं समितीचं म्हणणं. तो खांब नेमका शेठच्या दुकानासमोर येत होता. आयुक्तबाईंनी उद्या मान हलवली तर कोपरा होणार, नाहीतर तसाच राहणार. या कोपऱ्यावरून रोज तीन शाळांची पोरं जातात. वडील परत येणार नव्हते, पण या कोपऱ्यासाठी गौतमी तीन वर्षं महापालिकेचे उंबरठे झिजवत होती.

"बसा की अक्का," शेठ म्हणाले. "माझ्यावर संशय घेताय होय?"

"घेऊ नको का?"

"घ्या की! पण हे बघा." त्यांनी गल्ल्याखालून एक पिशवी काढून पुढे धरली. दुकानाच्या नावाखाली पत्ता छापला होता: पांढऱ्या सायकलीसमोर, जकात चौक. "धारवाडापासून गिऱ्हाईक येतंय ते ह्या पत्त्यावर. हजारो पिशव्या छापून ठेवल्यात. सायकल गेली तर माझा पत्ताच गेला!"

गौतमीला त्या परिस्थितीतही हसू आलं.

"आणि दुसरं सांगतो," शेठचा आवाज उतरला. "माझं भांडण तुमच्या त्या खांबाशी. मेलेल्या माणसाशी कसलं भांडण? खंडेनवमीला मी माझ्या स्कूटरला माळ घालतो तेव्हा एक त्या सायकलीला पण घालतो. ती सुकलेली माळ कुणाची वाटली तुम्हाला?"

तिला वाटायचं, माळ काका घालतात.

"तुमच्या वकिलांचं मात्र कौतुक आहे हं," शेठ पुन्हा रंगात आले. "काय झकास डाळिंबी गाडी होती त्यांची! तुमचे वडील गेले आणि माणसाने गाडी विकून सायकल धरली. ह्या वयात. पेपरात फोटो आला होता. आम्हाला नाही बाबा जमायचं."

"हो," गौतमी म्हणाली. "काकांनी गाडी सोडली ती कायमची."

शेठच्या दुकानातून ती निघाली तेव्हा एक नाव कमी झालं होतं. पण तिला बरं वाटण्याऐवजी उलट काहीतरी टोचायला लागलं होतं, आणि ते काय ते कळत नव्हतं.

३

कुलपाच्या किल्ल्या तीन. एक गौतमीच्या घरी, एक मल्लाप्पाकडे, आणि तिसरी कोप्पीकर रोडवर इनामदारांच्या ऑफिसात, भिंतीवरच्या खिळ्याला. समितीच्या बैठका तिथेच व्हायच्या, त्यामुळे ती किल्ली कुणीही उचलावी.

दीपश्री तिथेच होती. समितीतली सर्वांत तरुण सदस्य, आर्किटेक्ट. उद्यासाठी चौकाचा नकाशा भिंतीवर चिकटवत होती. चौकात मेलेल्या माणसाची सायकल बघून लहान पोरं भितात, त्यापेक्षा भिंतीवर छान चित्र काढू, असं तीच बैठकीत म्हणाली होती. तेव्हा गौतमी तिच्यावर भडकली होती.

"किल्ली खिळ्यावरच आहे, अक्का," दीपश्री आधीच म्हणाली. "मल्लाप्पाचा फोन आला होता, मला माहीत आहे तुम्ही का आलात ते. सायकल हलवा असं मी म्हटलं, खरं आहे. पण तोंडावर म्हटलं. पाठीमागून नेणारी मी नाही."

गौतमीला ते पटलं. ही पोरगी भांडायची ती सगळ्यांसमोर.

"काल बैठक संपल्यावर इथे कोण थांबलं होतं?"

"कोणीच नाही. कुलूप इनामदार सरांनीच लावलं. नाराज होते काल. तुम्ही सायकल लोखंडापर्यंत खरवडून नवा रंग द्यायचं म्हटलंत ना, ते त्यांना आवडलं नाही. वरून एक हात मारा, जुनं कशाला उकरायचं, असं दोनदा म्हणाले."

गौतमीला आठवलं. गंज धरला होता, वरून रंग मारला तर पावसाळ्याआधीच पोपडे निघाले असते. तिने हट्ट धरला होता आणि सगळ्यांनी मान्य केलं होतं.

तिची नजर नकाशावर गेली. कोपऱ्याला लाल गोल होता, जाड पेन्सिलने पुन्हा पुन्हा गिरवलेला.

"हा गोल कुणाचा?"

"सरांचाच. मी विचारलं होतं त्यांना. अप्पांना मागून ठोकलं ना, मग सरळ रस्त्याचं बघू, कोपऱ्याचं एवढं काय घेऊन बसलात? तर केवढे चिडले! म्हणाले, दीपश्री, डावीकडे वळताना आपल्या बाजूला सायकलवाला आहे हे दिसतच नाही. आवाज आल्यावरच कळतं."

खोलीत पंखा फिरत होता. गौतमी नकाशापासून वळली.

"काय म्हणाले? परत सांग."

"आवाज आल्यावरच कळतं," दीपश्री म्हणाली. मग तिने तोंडावर हात ठेवला.

४

गौतमीची नोकरी विमा कंपनीत, सर्व्हेअरची. ठोकलेल्या गाड्या बघायच्या आणि कुठून, कशी धडक बसली ते सांगायचं. दिवसभर ती वाकलेले पत्रे वाचायची. पण वडिलांची सायकल तिने त्या नजरेने एकदाही बघितली नव्हती. बघवली नव्हती. पोलिसांकडून ती सोडवून आणली काकांनी. 'तशा अवस्थेत तुम्ही मायलेकींनी बघू नका' म्हणाले, आणि जलदानविधीच्या आधीच पांढऱ्या रंगात बुडवून घेतली. केवढा मोठा आधार वाटला होता तेव्हा!

सायकल आता नव्हती. पण त्या पहाटेची एक वस्तू घरात होती.

बुद्धाच्या आणि बाबासाहेबांच्या तसबिरीखाली, फळीवर, पांढऱ्या रुमालात गुंडाळलेला वडिलांचा जेवणाचा डबा. वर्कशॉपला जाताना ते तो नेहमी उजव्या हँडलला अडकवायचे. कॅरियरवर ठेवला की आमटी सांडते, ही त्यांची जन्माची तक्रार.

"त्याला हात लावू नकोस," पारूबाई, तिची आई, स्वयंपाकघरातून धावत आली. "रक्त आहे त्यांचं त्याच्यावर. मी धुतला नाही अजून."

"आई, एकदाच बघू दे. माझ्यासाठी."

आईने मान वळवली. गौतमीने रुमाल सोडला.

डब्याची बाहेरची बाजू आत दबली होती. त्या दबलेल्या जागेवरून एक पट्टा मागून पुढे गेला होता, लालसर. रस्त्यावर घासल्याचे ओरखडे वेगळे, करडे, तळाशी. हा पट्टा वेगळा होता. गौतमीने नखाने टोकाशी किंचित टोकरलं. पापुद्रा निघाला. खाली चमक होती.

तीन वर्षांत रक्त काळं पडतं. हे काळं पडलं नव्हतं.

म्हणजे धडक मागून नव्हती. गाडी उजवीकडून अंगाला घासत पुढे गेली होती आणि डावीकडे वळली होती. अप्पा पडले, मग त्याच गाडीचं मागचं चाक सायकलीच्या मागच्या चाकावरून गेलं. सगळ्यांनी बघितलं ते शेवटी मोडलेलं चाक. सुरुवात इथे, डब्यावर होती.

आणि रंग होता डाळिंबी.

दहावीला पहिली आली तेव्हा त्या रंगाच्या गाडीत बसून ती पेढे वाटत फिरली होती. युनियनचे खटले लढणारे इनामदार वकील, अप्पांचे मित्र, स्वतः गाडी चालवत होते.

"काय झालं गं?" आईने विचारलं. "रक्तच आहे ना?"

"नाही, आई." तिला रडू फुटलं. "रक्त नाही. तीन वर्षं तू ज्याला हात जोडलेस ते रक्त नव्हतं."

५

धारवाडला माळमड्डीत इनामदारांचा बंगला होता. दार लीलाकाकूंनी उघडलं.

"ये गं. हे मागे गॅरेजात आहेत. पहाटे टेम्पोतून आणली, तेव्हापासून तुझ्या वडिलांचीच सायकल घेऊन बसलेत. स्वतः रंगवणार म्हणाले, तुला उद्या दाखवणार म्हणाले. मी सांगितलं म्हणून सांगू नकोस हं."

काकूंच्या चेहऱ्यावर नुसतं कौतुक होतं. गौतमीला त्यांची कीव आली.

गाडी विकल्यापासून गॅरेज रिकामंच असायचं. आज मधोमध पांढरी सायकल उभी होती आणि काका गुडघे मोडून तिच्याशेजारी बसले होते. हातात पॉलिश पेपर होता.

"अरे, तू?" ते हसले. "सापडली बघ. भंगारवाल्याकडून सोडवून आणली. म्हटलं, रंगवूनच..."

"काका, सायकल कुणी नेली ते मला माहीत आहे. बसून राहा, सांगते." तिचा आवाज तिलाच परका वाटला. "नेणाऱ्याने साखळीला कुलूप परत लावलं. ही सवय आपल्यातल्याचीच. किल्ली मल्लाप्पाकडे होती, पण त्याला न्यायची काय गरज? तो आजच सगळ्यांदेखत रंगवणार होता. शेठला ती सायकल तिथेच हवी, त्यांचा पत्ता आहे तो. दीपश्रीला ती नको होती, पण ती पाहणीनंतरही हलवता आली असती. कालच्या बैठकीत फक्त एक नवीन गोष्ट ठरली होती. सायकल लोखंडापर्यंत खरवडायची. त्याची भीती कुणाला वाटली?"

इनामदारांनी पॉलिश पेपर मुठीत चुरगळला.

"आणि तुम्ही खरवडलंत ते बघा. मागून धडक बसली असं सगळं गाव म्हणतं. मग मागचा भाग तसाच पांढरा आणि उजवं हँडल, उजवं पेडल तेवढं चकचकीत? गाडीचा रंग कुठे लागला असेल ते तुम्हाला कसं ठाऊक?"

"गौतमी, तुझा गैरसमज..."

तिने मोबाईल पुढे धरला. त्यावर डब्याचा फोटो होता.

"आईने धुतला नाही. रक्त समजून."

प्रभंजन इनामदार पाहत राहिले. मग त्यांनी पॉलिश पेपर जमिनीवर ठेवला.

"मला वाटलं, कुत्रं असेल," ते अखेर म्हणाले. "बेळगावहून थेट हुबळीच्या ऑफिसला येत होतो. झोप झाली नव्हती. आवाज आला. आरशात बघितलं तर सायकल. घाबरलो. उतरलो नाही. कोणीतरी उचलेल म्हटलं. तो धम्मानंद होता हे दुपारी कळलं, आई शप्पथ."

"दुसरं कोणी असतं तर चाललं असतं?"

ते सायकलीच्या हँडलला धरून उठले.

"तुमच्यासाठी आईने पहिला घास बाजूला काढून ठेवला. आमच्या घरी ताटाला ताट लावून जेवलात. मी तुम्हाला बापाच्या जागी धरलं. केसाने गळा कापलात हो आमचा!" ती आता रडत होती आणि डोळे पुसायची तिला गरज वाटत नव्हती. "ही समिती तरी कशासाठी काढलीत?"

"त्याच्यासाठी. खरंच. गाडी सोडली, कोपऱ्यासाठी भांडलो. दुसऱ्या कुणाचं असं होऊ नये म्हणून."

"नाही. तुम्हाला झोप यावी म्हणून."

बाहेर काकू चहाचे कप मांडत होत्या, त्यांचा आवाज येत होता.

"डबा मी पोलिसात देणार आहे, तुम्ही काहीही करा," गौतमी म्हणाली. "पण उद्या आयुक्तबाई विचारतील, अपघात मागून झाला तर कोपरा कशाला? महापालिकेचा इंजिनिअर तेच म्हणतो, शेठही तेच म्हणतात. तो कोपरा कशाला हवा हे या शहरात एकच माणूस छातीठोक सांगू शकतो. सांगायचं की नाही ते बघा."

तिने मोडकी सायकल मागून उचलली आणि पुढच्या चाकावर ढकलत फाटकाबाहेर काढली. काकूंनी हाक मारली. तिने मागे बघितलं नाही.

६

सोमवारी सकाळी चौकात गर्दी होती. पांढरी सायकल खांबाला बांधलेली, उजवं हँडल उघड्या लोखंडाचं. शेजारी पारूबाई उभ्या होत्या. रुमालातला डबा त्यांच्या हातात होता. रात्रीच मुलीने त्यांना सगळं सांगितलं होतं.

आयुक्तबाईंनी नकाशा बघितला, कोपरा बघितला, आणि व्हायचं तेच झालं.

"पंचनाम्यात तर मागून धडक आहे. मग कोपऱ्यावर एवढा खर्च का?"

"हेच आम्ही बोंबलतोय मॅडम," गुरुप्रसाद शेठ पुढे सरसावले.

दीपश्रीने गौतमीकडे बघितलं. गौतमीने इनामदारांकडे. ते गर्दीच्या कडेला उभे होते, सायकलवरून आलेले. बोलले नाहीत तर डबा पोलिसात जाईल, वर्षानुवर्षं तारखा पडतील, वकील माणूस कदाचित सुटेलही. आणि कोपरा आजच जाईल. आयुक्तबाईंनी नकाशाची गुंडाळी करायला घेतली.

"मॅडम, थांबा."

इनामदार पुढे आले. पारूबाईंच्या हातातला डबा बघून त्यांचे पाय एकदा अडखळले.

"धडक मागून नव्हती. गाडी डावीकडे वळत होती. कोपरा मोठा आहे म्हणून वेग कमी केला नाही. सायकलवाला दिसला नाही." त्यांनी पारूबाईंकडे बघितलं. "दिसला नाही, कारण मी बघितलंच नाही. गाडी मी चालवत होतो."

शेठच्या हातातली पिशवी खाली पडली. मल्लाप्पा "अय्यो शिवने" म्हणाला आणि मटकन विटांवर बसला. आयुक्तबाईंसोबत आलेला पोलीस अधिकारी हळूच पुढे झाला.

आयुक्तबाईंनी नकाशा पुन्हा उलगडला. मग इंजिनिअरला म्हणाल्या, "काम ह्या आठवड्यात सुरू करा."

जिंकल्यावर कसं वाटेल हे गौतमीने तीन वर्षांत कितीदा मनात रंगवलं होतं. त्या चित्रात तिच्या शेजारी नेहमी काका असायचे.

शाळेची वेळ झाली होती. निळ्या गणवेशातल्या पोरींचा एक घोळका सायकली हाकत चौकात आला आणि अडला, कारण पाहणीसाठी डांबरावर खडूने आखलेल्या सायकलींच्या पट्ट्यातच इनामदार उभे होते. पोरी घंटा वाजवत होत्या. त्यांना ऐकू येत नव्हतं.

"गौतमी," ते म्हणाले, "एकदा काका म्हण."

तिने आईच्या हातातला डबा घेतला आणि पोलीस अधिकाऱ्याच्या हातात दिला. मग वळली.

"वकीलसाहेब, बाजूला व्हा," ती म्हणाली. "पोरींना जायचंय."